न्यूट्रल लागत नाही म्हणून लगेच फुल इंजिन खोलू नका, आधी गाडी सेंटर स्टँडवर घ्या

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १५० सीसीची गाडी, ४२ हजार किलोमीटर झालेत, रोज मुलुंड ते अंधेरी जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) जाता. सिग्नलला न्यूट्रल लागत नाही, इंजिन बंद केलं की पटकन लागतो. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना कधी कधी मधेच लटकतो आणि गाडी नुसती रेस होते. दोन महिन्यांपूर्वी क्लच प्लेट बदलल्यात, त्याआधी जुलैमध्ये पावसात गाडी डाव्या अंगावर पडली होती. आणि आता मेकॅनिक म्हणतोय गिअरबॉक्स गेला, फुल इंजिन करायला लागेल, गाडी चार दिवस सोडा.

सोडू नका. निदान या आठवड्यात तरी नाही.

मी भांडुपला गॅरेज चालवतो, २२ वर्षं झाली, आणि गिअरची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांमध्ये खरंच गिअर खराब निघालेल्या गाड्या माझ्याकडे फार कमी आल्यात. बाकी सगळा क्लचचा, वायरचा, ऑइलचा नायतर गिअर लिव्हरचा घोळ. पण माणूस येऊन सांगतो काय तर "गिअर पडत नाही", मग ऐकणाऱ्याच्या डोक्यात पण गिअरबॉक्सच येतो. तुमच्या बाबतीत तर मला दोन वेगळे आजार दिसतायत, न्यूट्रलचा वेगळा आणि तिसऱ्या गिअरचा वेगळा, आणि ते दोन्ही एकाच बिलात बसवायचं चाललंय.

न्यूट्रलचं आधी बघू. तुम्ही स्वतःच सगळ्यात मोठा पुरावा लिहिलाय, इंजिन बंद केलं की न्यूट्रल लागतो. आता बघा काय होतं आत. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, गिअर टाकताना फक्त एक गिअर बाजूला सरकतो आणि त्याच्या बाजूला जे जाड ठोकळ्यासारखे दात असतात, डॉग म्हणतात त्यांना, ते शेजारच्या गिअरच्या खाचेत जाऊन बसतात. बाहेर काढताना त्या डॉगवर जोर असता कामा नये. तुम्ही क्लच दाबला पण क्लच पूर्ण सुटलाच नाही तर इंजिन थोडं थोडं ढकलतच राहतं, डॉग दाबून धरलेले राहतात, तुम्ही पायाने हळू उचलता तर हलत नाही, जरा जोर लावला की न्यूट्रल ओलांडून सरळ दुसरा. इंजिन बंद केलं, जोर गेला, अलगद सुटला. म्हणजे हा आजार क्लच न सुटण्याचा आहे. गिअरबॉक्स आतून खराब असता तर इंजिन बंद करून तो एवढा शहाणा झाला नसता.

खात्री करायची तर रविवारी सकाळी पाच मिनिटं द्या. गाडी गरम करून आणा, एक फेरी मारून, कारण थंड असताना हा त्रास बऱ्याचदा लपतो. सेंटर स्टँडवर घ्या, क्लच पूर्ण दाबून पहिला टाका. मागचं चाक हळूहळू फिरेल, त्याला घाबरू नका, प्लेटांमध्ये ऑइल असतं त्याची ओढ असते ती. आता मागचा ब्रेक हळूच दाबा. चाक थांबलं आणि इंजिन आपल्या नादात चालू राहिलं तर क्लच सुटतोय. चाक थांबवताना इंजिन दबलं, आवाज बसला, किंवा बंदच पडलं, तर क्लच सुटत नाहीये. रस्त्यावरची खूण पण तुम्हाला माहीतच असेल, सिग्नलला पहिल्यात क्लच दाबून उभे आहात आणि गाडी समोरच्या रिक्षाकडे सरकायला बघते.

हे करताना चाकाजवळ, चेनजवळ हात न्यायचा नाही. चालू गाडीची चेन फडक्याने पुसताना बोट गेलेली माणसं मी बघितलीत, एकजण आमच्याच गल्लीतला.

क्लच सुटत नाही म्हटल्यावर लगेच कव्हर खोलायचं नाही, क्लचच्या वायरपासून सुरू करायचं. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर मोकळा खेळ असायला हवा, साधारण सगळ्याच कम्युटर गाड्यांना एवढाच असतो, तरी तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. नवीन प्लेट टाकल्यावर जुन्या वायरची सेटिंग तशीच ठेवली असेल तर खेळ बदलतो. खेळ जास्त असला की तुम्ही लिव्हर हँडलला टेकवलात तरी आत प्लेटा दाबून धरणारी प्रेशर प्लेट पुरती उचलतच नाही. मग वरचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून घ्या, खाली इंजिनजवळच्या नटावर मोठी सेटिंग करा, आणि शेवटची बारीक सेटिंग वर. वरचाच अर्धा बाहेर काढून ठेवलेल्या गाड्या येतात, तो आटा मग खड्ड्यात वाकतो. आणि खेळ अगदी शून्य पण ठेवायचा नाही, नायतर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, स्लिप होतो आणि नव्या प्लेटा पण जळतात.

सेटिंग करून पण लिव्हर जड वाटतोय, सोडल्यावर आळसावल्यासारखा मागे येतोय, तर वायर बदलूनच टाका. मुंबईच्या पावसात वायरच्या आत पाणी जातं, गंज धरतो, आणि लिव्हरजवळच्या गोळीपाशी एक एक तार सुटायला लागते. रबर मागे सारून बघा, दोन तारा जरी केसासारख्या उभ्या दिसल्या तरी ती वायर आज ना उद्या नेमकी पवईच्या चढावर तुटणार. बदलताना नवीन वायर कुठून जाते ते नीट बघा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा, दोन्हीकडे खेळ सारखा राहिला पाहिजे. टाकीखाली दाबली गेलेली वायर हा इतका साधा प्रकार आहे की कोणी बघतच नाही. लिव्हरच्या बोल्टाची जागा पण तपासा, तिथलं भोक झिजून लांबट झालं असेल तर तुमच्या बोटांची अर्धी मेहनत तिथेच जाते.

मग ऑइल. मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, गिअरबॉक्सला पण तेच ऑइल, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघूनच घ्यायचं. कोणी कारचं उरलेलं ऑइल टाकलं असेल तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या पदार्थांमुळे क्लच घसरायला लागतो. ग्रेड कंपनीने दिली तीच. कुठल्या गाडीला १०डब्ल्यू३० असतं, कुठल्या गाडीला २०डब्ल्यू५०, "आपल्याकडे गरम होतं म्हणून जाड टाकू" असं करू नका, जाड ऑइलने प्लेटा एकमेकांना चिकटून ओढत राहतात आणि तुमचा न्यूट्रलचा त्रास वाढतो. लेव्हल बघताना गाडी दोन मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, सरळ उभी धरा. डिपस्टिकवाली गाडी असेल तर बऱ्याच गाड्यांमध्ये ती आट्यात न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली असेल आणि ऑइल कटिंग चहासारखं दिसत असेल तर पुढचं काही तपासायच्या आधी ते बदला. आणि आपल्याकडे किलोमीटर धरून बसू नका. मुलुंड-अंधेरीला दीड तास लागत असेल तर इंजिन दीड तास चाललं, मीटर काहीही दाखवो. तुमच्या रूटला मी कंपनीच्या आकड्याच्या थोडं आधीच बदलतो.

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी चाकाची टेस्ट नापास, तर मग उजवीकडचं क्लच कव्हर खोलायचं. आणि इथे मला तुमच्या दोन महिन्यांपूर्वीच्या कामावर शंका आहे. नवीन प्लेटा टाकल्या, पण हाउसिंग जुनंच ना? क्लच हाउसिंगला बोटांसारखे उभे खांब असतात, त्यांच्या मधे प्लेटांचे कान बसतात, आणि वर्षानुवर्षं हाफ क्लचमध्ये चालवून ते कान त्या खांबांवर खाचा पाडतात. जुन्या प्लेटा जुन्या खाचेत सवयीने सरकायच्या, नवीन प्लेट त्याच खाचेत अडकून बसते, क्लच दाबला तरी बाजूला होत नाही. कव्हर खोललं की त्या खांबांच्या कडेवरून नख फिरवा, वरून खाली. नख गुळगुळीत गेलं तर छान. नख पायरी पायरीने अडकत गेलं तर तोच तुमचा न्यूट्रल. हलक्या खाचा बारीक कानसने सपाट करता येतात, खोल असतील तर हाउसिंग बदलायचं, कानस मारत बसायचं नाही, कारण मग प्लेटेला बाजूचा खेळ वाढतो आणि क्लच खडखड वाजायला लागतो. हाउसिंगच्या आतल्या सेंटर हबच्या खाचा पण तशाच बघायच्या, तिथे स्टीलच्या प्लेटा सरकतात.

स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून बघा, डोलली तर वाकलीये. निळी पडली असेल तर तापून गेलीये. वाक मोजायला फीलर गेज लागतं, म्हणजे फटीत घालायच्या मापाच्या पातळ पट्ट्या, घरी नसेल तर मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळतं, फार महाग नाही. आणखी एक, नवीन प्लेट ऑइलमध्ये भिजवून बसवायची असते, दोन-चार तास तरी, आणि कोरडी बसवली तर सुरुवातीलाच तापते, चिकटते. काही गाड्यांमध्ये सगळ्यात बाहेरची प्लेट हाउसिंगच्या वेगळ्या छोट्या खाचेत बसते, ती सरळ लाइनीत बसवलेल्या गाड्या माझ्याकडे आल्यात. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं तर प्रेशर प्लेट वाकडी उचलते, किंवा तिचा खांबच तुटतो. हबच्या मधल्या नटाला छिन्नी-हातोडी मारणाऱ्याकडे गाडी ठेवू नका, त्याला खाचेचा वेगळा पाना मिळतो.

आता तुमचा दुसरा आजार, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला. फॉल्स न्यूट्रल म्हणतो आम्ही. याच्यात मला गाडी डाव्या अंगावर पडलेली जास्त महत्त्वाची वाटते. गिअर लिव्हर डावीकडेच, आणि पडल्यावर तो वाकून कव्हरला चिकटतो. मग रस्त्यावर कोणीतरी पाइप घालून सरळ करतो आणि तो थोडा वरच राहतो, किंवा शाफ्टवरून काढून बसवताना एक दात इकडे तिकडे होतो. लिव्हर वर बसला की पहिला दाबायला मस्त वाटतं, पण वरचे गिअर टाकताना घोटा उचलायला जागाच उरत नाही. पाऊल पूर्ण वर गेलंय असं तुम्हाला वाटतं, लिव्हर मात्र पाऊणच गेलेला असतो. त्यात पावसाळी बूट घातले की आणखीनच.

याची टेस्ट मला फार आवडते, पैसे लागत नाहीत. इंजिन बंद, चावी काढून खिशात. गाडी सेंटर स्टँडवर, घरातल्या कोणाला तरी मागचं चाक टायरला धरून हळूहळू फिरवायला सांगा. चाक फिरत असणं गरजेचं आहे, उभ्या गाडीत डॉग समोरासमोर आले तर चांगल्या गाडीत पण गिअर पडत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. आता लिव्हर पायाने नाही, हाताने उचला. पूर्ण, तो थांबेपर्यंत. पहिला, दुसरा, तिसरा, मग परत खाली. दहा वेळा करा. हाताने दहाच्या दहा वेळा तिसरा पडला तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका, लिव्हरची उंची आणि सांधा बघा. शाफ्टवर लिव्हर जिथे बसतो तिथला बोल्ट काढून दात बघा, झिजून गुळगुळीत झाले असतील तर लिव्हर हलतो आधी आणि शाफ्ट फिरतो नंतर. रॉडवाला लिव्हर असेल तर उंची रॉड फिरवून सेट होते, फक्त एका बाजूचा आटा उलटा असतो हे लक्षात ठेवा, नायतर चेकनट आवळतोय म्हणून सैल करत बसाल. माझं मत विचाराल तर पाऊल फुटरेस्टवर आरामात ठेवल्यावर लिव्हर बुटाच्या वरच्या बाजूला हलका लागला पाहिजे, पण शेवटी तुमचा पाय तुम्हालाच माहीत.

हाताने उचलताना पण कधी तिसरा चुकला, किंवा लिव्हर सोडल्यावर आपोआप मधे परत आला नाही, किंवा अडखळत आला, तर पुढे जायचं. पडल्यामुळे गिअर शाफ्टच किंचित वाकला असू शकतो. तिथे सीलमधून ऑइल झिरपत असेल, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये काळा चिखल झाला असेल तर शंका पक्की. लिव्हर मधे येतच नसेल, तुम्हाला पायाने परत आणायला लागत असेल, तर शाफ्टवरची रिटर्न स्प्रिंग तुटलीये किंवा ती ज्या पिनला अडकते ती सैल झालीये.

आणि हे महत्त्वाचं आहे, म्हणून जरा नीट वाचा. बहुतेक कम्युटर गाड्यांमध्ये ही रिटर्न स्प्रिंग, गिअर बदलणारा ड्रम फिरवणारा पंजा, ड्रमच्या टोकाला असलेला स्टार आणि स्टारच्या खाचेत बसणारा रोलरवाला स्टॉपर, हे सगळं उजव्या क्लच कव्हरच्या आत, हाउसिंगच्या मागे असतं. ते बघायला इंजिनचे दोन भाग करायला लागत नाहीत. क्लच काढला की समोर.

मागच्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात एक पार्सलवाला पोरगा आला, पाठीवर बॅग, दोन ठिकाणाहून फुल इंजिनचा आकडा ऐकून रडकुंडीला आलेला. दुसरा-तिसरा लटकतो, कधी कधी तिसऱ्यातून पण सुटतो. मी चाक फिरवून हाताने लिव्हर उचलला तर गिअर पडल्याचा जो टक असा एक ठाम झटका हाताला लागतो ना, तो नव्हताच. नुसतं मऊ मऊ. कव्हर काढलं, क्लच काढला, स्टॉपर आपला सैल लोंबकळत होता, त्याच्या स्प्रिंगचा हूक तुटलेला, आणि तो तुकडा कव्हरच्या तळाला ऑइलच्या गाळात रुतलेला, तांदळाएवढा. हा तुकडा सापडेपर्यंत मी कव्हर बंद करत नाही, तो फिरत फिरत ऑइल पंपाकडे गेला तर वेगळं रामायण. स्प्रिंग, पॅकिंग, ऑइल, संध्याकाळी पोरगा ऑर्डर उचलायला गेला पण. तसाच एकदा स्टारचा मधला बोल्ट अर्धा आटा सैल निघाला होता, बाकी सगळं नवंकोरं.

म्हणून तुमच्या मेकॅनिकला म्हणा, आधी उजवं कव्हर माझ्यासमोर खोल. क्लचचं काम आणि हे काम एकाच खोलण्यात होतं, पॅकिंग पण एकच लागतं.

चेनचं थोडक्यात सांगतो. २० ते ३० मिलिमीटर ढिलाई ठीक, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. लोंबती चेन असली की प्रत्येक गिअरला झटका आणि धडधड होते आणि माणसाला वाटतं गिअरच खराब. पण तिच्यामुळे गिअर लटकत नाही.

तुमच्या सवयीबद्दल पण बोलतो, रागावू नका. सिग्नलला चौथ्यात येऊन उभे राहायचं आणि मग जागेवर टक टक टक खाली आणायचं, हे बंद करा. गाडी चालत असतानाच खाली आणत या. उभ्या गाडीत अडकलाच तर लिव्हरवर लाथा मारू नका, क्लच किंचित सोडा, परत दाबा, नाहीतर गाडी वीतभर पुढे-मागे करा, डॉग समोरून हलतील आणि पडेल. लाथा मारून गिअर सरकवणारा आतला फोर्क वाकवलेल्या गाड्या मी बघितल्यात, मग मात्र खरंच फुल इंजिन.

कारण खरा गिअरबॉक्स कधी जातो तर त्याची खूण वेगळीच असते. गिअर व्यवस्थित पडतो, तुम्ही एक्सिलेटर पिळता, जोर येतो आणि त्या जोरातच गिअर उडतो. आणि दर वेळी तोच एक गिअर. डॉगच्या बाजू थोड्या आतल्या तिरक्या कापलेल्या असतात म्हणून जोर आला की ते एकमेकांना ओढून धरतात, पण कोपरे झिजून गोल झाले की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही. तुमचा मधे लटकतो, पडलेला सुटत नाही. हा फरक मेकॅनिकला स्पष्ट सांगा.

आणि कव्हर खोलायच्या आधी ऑइल निघेलच, ते स्वच्छ पांढऱ्या टबात काढायला सांगा, जुन्या स्पीकरचं मॅग्नेट असेल तर पिशवीत गुंडाळून त्यात फिरवा. राखाडी मलमासारखं काही लागलं तर ती नेहमीची झीज आहे. चमकणारे कपचे, टोकदार तुकडे लागले तर मी पण म्हणेन की भाऊ, खोला इंजिन. तेव्हा मात्र एकटा झिजलेला गिअर बदलून घेऊ नका, तो ज्याच्यात अडकतो तो जोडीदार पण बदला आणि त्यांचा फोर्क पण बघून घ्या, टोकं निळी-काळी किंवा पातळ झाली असतील तर तोही. निघालेले गिअर हातात मागून घ्या आणि डॉगच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवा. कोपरा अंगठ्याला टोचला तर तो गिअर चांगला होता, त्याचे पैसे द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा.